ज्यू डेलीत जेवायला जायलात? मग आधी हे वाचा

लातूर म्हणा, नांदेड म्हणा, परभणी, जालना, संभाजीनगर म्हणा, आपल्या भागातून पोरापोरींकडं न्यू जर्सीला जाऊन दोन-चार महिने राहून येणारे आईवडील आता लई झालेत. तिकडं गेलं की एखाद्या सुट्टीला पोरं न्यूयॉर्क दाखवायला नेतातच, आणि त्या फिरण्यात कुठंतरी "बाबा, इथली ज्यू डेली बघायची का" हे येतंच. डेली म्हणजे मांसाची सँडविच, सूप, लोणची असलं ज्यू पद्धतीचं खाणं मिळणारं हॉटेल. मग होतं काय, आत गर्दी, भिंतीवर मोठे बोर्ड, बोर्डावरचं एकही नाव ओळखीचं नाही, मागचा माणूस घाई करायलाय, आणि आपली माणसं एक तर नुसते फ्रेंच फ्राईज खाऊन बाहेर येतात नाही तर न विचारता असं काही खातात की नंतर कळल्यावर आठ दिवस जेवण गोड लागत नाही. दोन्ही मला बघवत नाही. पिढ्यान् पिढ्या मायेनं सांभाळलेलं खाणं आहे ते, थोडी माहिती घेऊन गेलं तर शाकाहारी माणूसही तिथं पोटभर जेवतो, आणि खाणाऱ्याची तर चंगळच. माझी मुलगी जर्सीत असते त्यामुळं माझं जाणं होतं आणि डेली दिसली की मी आत जातोच, म्हणून हे सविस्तर लिहायलो.

आधी बीफचं बोलू, कारण आपल्याकडच्या बहुतेकांचा खरा प्रश्न तोच असतो आणि पोरं लाजून नीट सांगत नाहीत. डेलीत पास्ट्रामी, कॉर्न्ड बीफ, ब्रिस्केट, टंग, सलामी, फ्रँकफर्टर म्हणजे हॉट डॉग, यातलं काहीही नुसत्या नावानं मागितलं की ते बीफच येतं. तेही आपल्याकडं ज्याला बड्याचं म्हणतात तसं म्हशीचं वगैरे नाही, गाई-बैलाचंच. बोर्डावर प्रत्येक ठिकाणी बीफ हा शब्द लिहिलेला नसतो कारण तिथल्या माणसाला ते सांगायची गरजच वाटत नाही. हे झालं उघड उघड दिसणारं. लपलेलं जास्त अवघड आहे. स्टफ्ड कॅबेज म्हटलं की आपल्याला भरली कोबी वाटते, आत बीफचा खिमा असतो. मशरूम-बार्ली सूप नावावरून शुद्ध शाकाहारी वाटतं, पण बऱ्याच ठिकाणी ते बीफच्या पाण्यात शिजवलेलं असतं. किश्का म्हणून एक पदार्थ असतो, मूळ पद्धतीत गाई-बैलाच्या आतड्यात पीठ, भाज्या आणि चरबी भरून केलेला. चॉप्ड लिव्हर कुठं कोंबडीच्या कलेजीचं तर कुठं त्यात बीफची कलेजी मिसळलेली. आणि फ्राईजवर किंवा लापशीसारख्या दिसणाऱ्या काशावर, म्हणजे शिजवलेल्या कुट्टूवर, तपकिरी ग्रेव्ही ओतून देतात, ती पण बहुतेक बीफचीच. म्हणून ज्याला चालत नाही त्यानं प्रत्येक पदार्थाला विचारायचं, "एनी बीफ इन इट?" आणि "नो ग्रेव्ही प्लीज". यात लाजायचं काही कारण नाही, कारण तुम्ही ज्या माणसाच्या दुकानात उभे आहात त्याच्या धर्मातच काय खायचं न् काय नाही याचे नियम एवढे आहेत की असा प्रश्न त्याला अजिबात विचित्र वाटत नाही.

आता त्यांचे नियम, आणि हे दोन मिनिटं नीट वाचा कारण याच्यावरच अख्खा मेन्यू उभा आहे. ज्यू लोकांच्या नियमात बसणारं अन्न म्हणजे कोशर. डुक्कर नाही, झिंगे-खेकडे नाहीत, मासा असेल तर त्याला पर आणि खवले दोन्ही पाहिजेत. जनावर ठराविक पद्धतीनं कापलेलं पाहिजे, आणि रक्त खायला सक्त मनाई, म्हणून मांस आधी अर्धा तास पाण्यात, मग तासभर मिठात ठेवून रक्त काढून धुतात. आणि सगळ्यात मोठा नियम, मांस आणि दूध एकत्र नाही. करडू त्याच्याच आईच्या दुधात शिजवू नका असं त्यांच्या तोराह या धर्मग्रंथात तीन वेळा सांगितलंय, आणि त्याच्यावरून पुढं हे एवढं वाढलं की मांसाची भांडी वेगळी, दुधाची वेगळी, आणि मांस खाल्ल्यावर दूध घ्यायला बरेच जण सहा तास थांबतात. म्हणजे खऱ्या कोशर मीट डेलीत चीज नाही, लोणी नाही, दही नाही, चहात दूध नाही, आईस्क्रीम नाही. जे दुधातही बसत नाही आणि मांसातही नाही, म्हणजे भाज्या, धान्य, फळं, अंडी आणि मासे, ते पार्व. इथं शाकाहारी माणसानं लक्ष द्या, पार्व लिहिलंय म्हणून डोळे झाकून खाऊ नका, त्यात अंडं असू शकतं, मासा पण असू शकतो.

तसं हे सगळं मराठी घरांना अगदीच परकं नाही. रायगडकडचे बेने इस्राएल पिढ्यान् पिढ्या मराठी बोलणारे ज्यू, मटणाच्या कालवणात दही घालत नाहीत, नारळाचं दूध वापरतात. शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून त्यांना शनिवार तेली म्हणत. आपली पोरं शिकायला पुण्याला असतात, त्यांनी कॅम्पातलं लाल देवळ बाहेरून तरी बघितलेलंच असतं, ते ज्यू लोकांचं प्रार्थनास्थळ, १८६७ चं.

मग डेलीचे दोन प्रकार पडतात आणि जायच्या आधी हे ठरवणं सगळ्यात महत्त्वाचं. एक खरी कोशर, आणि दुसरी कोशर-स्टाईल, म्हणजे पदार्थ तेच, चव तीच, पण नियम पाळायचं बंधन नाही. ओळखायचं कसं? कोशर असेल तर दारात नाही तर काउंटरजवळ सर्टिफिकेट लावलेलं असतं. मेन्यूत रूबेन सँडविच बघा, म्हणजे कॉर्न्ड बीफवर स्विस चीज, आंबवलेली कोबी आणि रशियन ड्रेसिंग. मांसावर खरं दुधाचं चीज आहे म्हणजे ही डेली कोशर नाही. बेकन, म्हणजे डुकराचं मांस, दिसलं तर विषयच संपला. न्यूयॉर्कमधली सगळ्यात नावाजलेली कॅट्झ डेली, १८८८ पासूनची, ती कोशर-स्टाईल आहे, आणि सेकंड अ‍ॅव्हेन्यू डेली, १९५४ ला सुरू झालेली, ती कोशर. लोक दोन्हीची नावं एका दमात घेतात, पण तुमच्यासोबत कोण आहे त्यावर फरक पडतो.

म्हणजे असं बघा. नांदेड-संभाजीनगरकडची आपली मुस्लिम मंडळी बरोबर असतील तर कोशर डेलीच धरा, तिथं डुक्कर नसणार हे पक्कं, आणि अहले किताबचं जबिहा, म्हणजे ज्यांच्याकडं आधीचा आसमानी ग्रंथ आहे अशा लोकांनी कापलेलं, म्हणून कोशर मांस चालतं असं मानणारे बरेच आहेत. सगळे तसं मानत नाहीत, म्हणून ज्यानं त्यानं आपल्या मौलानांना आधी विचारून घ्यावं. कोशर-स्टाईलमध्ये मात्र मांस साध्या बाजारातलं, तिथं हा विचारच लागू होत नाही. मटण-चिकन खाणारे पण बीफ न खाणारे असतील, म्हणजे आपल्यातले बहुतेक, तर दोन्ही चालतील, पण कोशरला बसून शांतपणे खाता येतं म्हणून मी तिकडंच नेईन. आणि घरात कुणी माळकरी असेल, गळ्यात तुळशीची माळ आहे, पंढरीची वारी आहे, तर कृपा करून त्यांना मीट डेलीत ओढून नेऊ नका. आत पाय ठेवला की काउंटरवर मांसाचे मोठमोठे तुकडे वाफाळत असतात, वास सगळीकडं, ते तोंडानं काही बोलणार नाहीत पण त्यांचं जेवण होणार नाही. त्यांच्यासाठी ज्यू खाण्याचीच दुसरी बाजू आहे, दुधाची. मांस आणि दूध वेगळं ठेवायचं म्हणून दुकानं पण वेगळी झाली, एकीकडं मीट डेली आणि दुसरीकडं बेगल म्हणजे मधे भोक असलेला गोल पाव, क्रीम चीज, धुरावलेले मासे विकणारी दुकानं, तिकडं त्यांना अ‍ॅपेटायझिंग म्हणतात, आणि डेअरी रेस्टॉरंट. रस अँड डॉटर्स हे १९१४ पासूनचं तसलं दुकान, तिथं मासे असतात पण मांस नाही. आणि कॅट्झ ज्या ईस्ट ह्यूस्टन स्ट्रीटवर आहे त्याच रस्त्यावर योना शिमेल म्हणून १९१० पासूनची क्निशची बेकरी आहे, क्निश म्हणजे पातळ पिठाच्या आवरणात बटाटा, पालक, कोबी नाही तर काशा भरून भाजलेला गोळा. पोरांनी कॅट्झला जावं, आजी-आजोबांना एकानं योना शिमेलमध्ये बसवावं, चालत थोडंसंच अंतर आहे. सगळे खुश.

वार बघून जा. कडक नियमाची कोशर ठिकाणं शुक्रवारी सूर्य मावळायच्या आधी बंद होतात ती शनिवारी रात्रीपर्यंत. सेकंड अ‍ॅव्हेन्यू डेली शनिवारीही उघडी असते, कॅट्झचा तर प्रश्नच नाही. पण आपल्याकडं शनिवारी मारुतीचा वार धरणारे पण कमी नाहीत, सोमवारी महादेवाचा, त्यामुळं आपला वार आणि त्यांचा वार दोन्ही जुळवून रविवार किंवा मधला एखादा दिवस काढा. मार्च-एप्रिलमध्ये पासोव्हर या ज्यू सणाचे आठ दिवस येतात, तेव्हा आंबवलेलं पीठ चालत नाही म्हणून कोशर ठिकाणी ब्रेड मिळत नाही, काही ठिकाणं बंदच असतात. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये योम किप्पूर, तो कडक उपासाचा दिवस. तिकडच्या उन्हाळ्यात, म्हणजे जून ते ऑगस्टमध्ये, जाणाऱ्यांना यातलं काही आडवं येत नाही.

न्यू जर्सीतल्या एडिसनकडून येणार असाल तर एनजे ट्रान्झिटच्या रेल्वेनं न्यूयॉर्कच्या पेन स्टेशनला उतरा. सेकंड अ‍ॅव्हेन्यू डेली आता सेकंड अ‍ॅव्हेन्यूवर नाही, मूळ जागा २००६ ला बंद झाली आणि पुढच्या वर्षी ईस्ट ३३ व्या स्ट्रीटवर सुरू झाली, ते ध्यानात ठेवा नाही तर नाव बघून भलतीकडंच जाल. पेन स्टेशनपासून ३४ व्या स्ट्रीटवरून आडवी जाणारी एम३४ बस पकडा, थर्ड अ‍ॅव्हेन्यूला उतरून थोडं चाला. कॅट्झला जायचं तर हेराल्ड स्क्वेअरवरून एफ ट्रेन, सेकंड अ‍ॅव्हेन्यू स्टेशनला उतरा, तिथून ह्यूस्टनवरच पूर्वेकडं चालत ल्युडलो स्ट्रीटचा कोपरा. दुपारी बारा ते दोन आणि शनिवार-रविवार दिवसभर रांग असते, म्हाताऱ्या माणसांना घेऊन जायचं तर सकाळी अकराच्या आत नाही तर दुपारी साडेतीन-चारला जा.

कॅट्झची पद्धत वेगळी आहे आणि तिथंच माणसं गडबडतात. दारात प्रत्येकाच्या हातात एक छोटं छापील तिकीट देतात. प्रत्येकाच्या, खाणार असो नसो. आत जे घ्याल ते काउंटरवरचा माणूस त्या तिकिटावर लिहितो, आणि बाहेर पडताना ते दाखवून पैसे द्यायचे. कोरं असलं तरी परत द्यावंच लागतं, हरवलं तर ५० डॉलर दंड लावतात. म्हणून घरातल्या सगळ्यांची तिकिटं एका जबाबदार माणसानं गोळा करून खिशात ठेवायची आणि सगळं खाणं एकाच तिकिटावर लिहून घ्यायचं. बसायच्या जागा दोन तऱ्हेच्या, भिंतीकडच्या टेबलांवर वेटर येतो, मधल्या टेबलांवर आपलं आपण आणून खायचं. वयस्कर माणसं असतील तर सरळ वेटरवाली जागा मागा. पण खरी मजा काउंटरवर आहे, तिथं मांस कापणारे कटर उभे असतात, प्रत्येकाची वेगळी रांग, सँडविच हातानं कापून तुमच्यासमोर बनवतात. आणि रिवाज असा आहे की कापता कापता कटर बशीत एक-दोन तुकडे चाखायला पुढं करतो. तो तुकडा बीफचा असतो! आपला माणूस पाहुणचार नाकारायचा कसा म्हणून तोंडात टाकतो. म्हणून चालत नसेल तर पुढं आल्या आल्या पहिलं वाक्य हेच बोलायचं, "नो बीफ फॉर मी, टर्की प्लीज". तो तुम्हाला टर्कीचा, म्हणजे कोंबडीसारख्याच एका मोठ्या पक्ष्याच्या मांसाचा, तुकडा देईल. ज्यांना चालतं त्यांनी आनंदानं खावा, आणि तिथं ठेवलेल्या ग्लासात एक-दोन डॉलर टाकावेत, हातानं एवढं पातळ आणि सरळ कापणं ही वर्षानुवर्षांची मेहनत असते. चाकूचं पण सांगतो, एकाच चाकूनं आणि एकाच पाटावर बीफ न् टर्की दोन्ही कापतात. ज्याला तेवढंही चालत नाही त्यानं कापलेलं सँडविच घेऊच नये, सूप घ्यावं.

जे खातात त्यांच्यासाठी मांसाचं थोडं सांगतो, कारण हे कळलं की मागवताना मजा येते. कोशरमध्ये जनावराच्या मागच्या भागातल्या एका नसेला मनाई आहे, ती काढायचं काम किचकट, म्हणून अमेरिकेत कोशर खाटीक बहुतेक पुढचाच भाग विकतात. पुढच्या भागाचं मांस चिवट. गरीब माणसांनी त्याच चिवट मांसाचं सोनं केलं. १८८१ पासून १९२४ पर्यंत पूर्व युरोपातून वीस लाखांच्या आसपास ज्यू अमेरिकेत आले, छळाला आणि गरिबीला कंटाळून, त्यातले लई जण या लोअर ईस्ट साईडच्या चाळींसारख्या इमारतींमध्ये राहिले, आणि हे खाणं तिथं वाढलं. कॉर्न्ड बीफ म्हणजे छातीचा भाग, मसाल्याच्या मिठाच्या पाण्यात बरेच दिवस मुरवून मग उकडलेला, धूर नाही. पास्ट्रामी रोमानियाकडून आलेली, ती पण आधी मिठात मुरते, मग वरून मिरे आणि धणे भरडून चोळतात, लसूण असतो, मग धुरावर ठेवतात आणि शेवटी वाफेवर इतकी मऊ करतात की बोटानं तुटते. कॅट्झमध्ये तर हे सगळं व्हायला आठवडे जातात. मागताना विचारतात, लीन की ज्युसी. लीन म्हणजे चरबी कमी, ते कोरडं होतं. ज्युसी घ्या. ब्रेड राय, म्हणजे त्यात कॅरवेचे दाणे असतात, आपल्या शहाजिऱ्याच्या जातीचे, आणि वर तपकिरी डेली मस्टर्ड. एवढंच. मेयोनीज मागू नका, केचप मागू नका, ब्रेड भाजून मागू नका. एवढे दिवस खपून बनवलेली चव त्याखाली मरते आणि बनवणाऱ्यालाही वाईट वाटतं. आणि बीपीवाल्यांनी सांभाळा, मीठ सगळ्यातच भरपूर आहे, गोळी चालू असेल तर दोन घास चाखून सूपकडं वळा.

एका सँडविचमध्ये पाव किलोच्या वर मांस असतं. एका माणसाला ते संपत नाही, म्हणून दोघांत एक. बहुतेक डेलीत अर्धं सँडविच आणि एक वाटी सूप अशी जोडी मिळते, पहिल्यांदा जाणाऱ्यानं हेच मागवावं. काही ठिकाणी एकच सँडविच दोघांनी खाल्लं तर वेगळे पैसे लावतात, ते मेन्यूत खाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतं.

बीफ न खाणाऱ्या पण कोंबडी खाणाऱ्यांसाठी माझा सल्ला एकदम पक्का आहे, मात्झा बॉल सूप. मात्झा म्हणजे पासोव्हरला खातात ती बिनआंबवलेली कडक पोळी, तिचा भरडा, अंडं आणि कोंबडीची चरबी एकत्र करून गोळे वळतात आणि ते कोंबडीच्या स्वच्छ पिवळ्या रश्श्यात सोडतात, गाजर असतं, शेपू असतो, कुठं शेवया पण. हातगुणाप्रमाणं गोळा कुठं हलका कापसासारखा होतो तर कुठं घट्ट. आपल्या जिभेला पहिला घोट सपक लागेल हे आधीच सांगून ठेवतो. मिरपूड मागून घ्या आणि चार-पाच घोट सलग प्या, मग त्या रश्श्याची खरी चव लागते. थंडीत, प्रवासानं घसा बसलेला असताना, तिकडं याच्यासारखं दुसरं काही नाही. भूक जास्त असेल तर चिकन इन द पॉट मागवा, त्यात अर्धी कोंबडी, शेवया, गाजर, मात्झा बॉल सगळं एकाच भांड्यात येतं आणि दोघांचं आरामात भागतं. टर्की पास्ट्रामी पण काही डेलीत असते, तोच मसाला, तोच धूर, नुसतं मांस टर्कीचं. पोरांना पास्ट्रामीची चव कळावी असं वाटत असेल आणि बीफ चालत नसेल तर ती शोधून घ्या, पण मागताना टर्की हा शब्द आधी आणि स्पष्ट बोला.

आता शाकाहारी. तिकडं व्हेजिटेरियन म्हणजे अंडं धरलेलंच असतं, आणि डेलीत त्याच्याही पुढची अडचण म्हणजे श्मॉल्ट्झ, कोंबडीची चरबी. दूध-लोणी वापरता येत नाही मग चव आणायला श्मॉल्ट्झ. काशा वार्निश्केस नावाचा फार छान पदार्थ आहे, कुट्टू आणि फुलपाखरासारखा पास्ता परतलेल्या कांद्यात, दिसायला पूर्ण शाकाहारी, पण कांदा बऱ्याचदा श्मॉल्ट्झमध्ये परततात. म्हणून वाक्य पाठ करून जा, "नो मीट, नो चिकन, नो फिश, नो श्मॉल्ट्झ". नुसतं व्हेज म्हटलं तर काही कळत नाही त्यांना. अंडं चालत असेल तर लाटके घ्या, किसलेला बटाटा न् कांद्याची तळलेली जाड कुरकुरीत टिक्की, सोबत सफरचंदाचा गोडसर सॉस, ते दोन्ही एकत्र विचित्र वाटतं पण खाऊन बघा. बटाट्याचा क्निश, बटाट्याचा नाही तर शेवयांचा कुगल म्हणजे भट्टीत भाजलेली जाड वडी, हे पण आहे. अंडं पण नको असेल तर मीट डेलीत फार काही हाती लागत नाही हे खरं सांगतो, राय ब्रेड, लोणची, आंबवलेली कोबी, फ्राईज, तेही फ्राईज कशासोबत तळलेत हे विचारून. कोलस्लॉमध्ये, म्हणजे कोबीच्या कोशिंबिरीत, मेयोनीज असतं, म्हणजे अंडं आलं. त्यापेक्षा वर सांगितली तसली डेअरी जागा किंवा साधं बेगलचं दुकान बघा, साधा बेगल आणि पातीच्या कांद्याचं क्रीम चीज, पोट भरतं. जैन मंडळींना कांदा-लसूण-बटाट्यामुळं डेली अवघडच आहे, त्यांना उगीच आग्रह नको.

टेबलावर बसल्या बसल्या लोणच्याची बशी येते, सेकंड अ‍ॅव्हेन्यू डेलीत कोलस्लॉ पण, त्याचे पैसे नसतात. काकडीचं लोणचं, तेल नाही, मोहरी नाही, नुसतं मिठाच्या पाण्यात लसूण आणि शेपू घालून आंबवलेलं. हिरवीगार आणि कच्ची लागणारी ती हाफ सावर, कमी दिवसांची. गडद आणि आंबट ती फुल सावर. मांसाच्या एका घासानंतर ही एक चकती खायची, तोंड साफ होतं आणि पुढचा घास परत पहिल्यासारखा लागतो, यासाठीच ती ठेवलेली असते, आधीच फस्त करू नका. तिखटाशिवाय ज्यांचा घास उतरत नाही त्यांनी हॉर्सरॅडिश मागावं. मुळ्याच्या जातीचं मूळ किसून केलेलं, जिभेला कमी आणि नाकात जास्त चढतं, बीट घालून लाल केलेलं पण मिळतं. मिरची शोधत बसण्यापेक्षा हे घ्या, टर्कीसोबत फार जमतं. प्यायला डॉ. ब्राऊन्सचा सोडा, ब्लॅक चेरी आणि क्रीम सोडा पोरांना आवडतात. क्रीम सोडा नाव असलं तरी त्यात दूध नसतं, म्हणून तो कोशरमध्येही चालतो. सेल-रे म्हणून एक आहे, सेलरीच्या चवीचा, पहिल्यांदा औषधी वाटतो पण पास्ट्रामीसोबत तोच खरा. एकानं घ्यावा आणि सगळ्यांनी चाखावा.

दोन गोष्टी घरातल्या मोठ्यांना घरीच सांगून ठेवा. एक म्हणजे कोशर डेलीत दुधाचा चहा मिळणार नाही, कितीही मागितला तरी. लिंबाचा घ्या नाही तर बिनदुधाची पावडर किंवा क्रीमर घालून घ्या. जेवण झाल्यावर बाहेर पडून दुसरीकडं चहा प्यायचं ठरवलेलं बरं, म्हणजे तिथं वाद नको. दुसरी आणि जास्त महत्त्वाची, आपल्या पिशवीत शेंगदाण्याची चटणी असते, ठेच्याची डबी असते, धपाटे असतात, दही असतं. कोशर ठिकाणी बाहेरचं अन्न टेबलावर उघडू नका. बाकीच्या हॉटेलात पण नको म्हणतात पण तिथं तो धंद्याचा नियम, इथं धर्माचा. त्यांच्या ताटाला दह्याचा चमचा लागला तर ते ताट त्यांच्यासाठी बाटतं. आपल्या घरात सोवळं बघितलेल्या माणसाला हे एकदा समजावून सांगितलं की परत सांगावं लागत नाही, माझा अनुभव आहे. बाहेरचा बर्गर, आईस्क्रीम हातात घेऊन तर आत जाऊच नका.

पैशाचं. पास्ट्रामी सँडविच २५ डॉलरच्या वर धरून चला. मेन्यूतल्या किमतीवर न्यूयॉर्क शहरात ८.८७५ टक्के टॅक्स लागतो, वेटरनं वाढलं असेल तर वर १८ ते २० टक्के टिप. म्हणजे १०० डॉलरचं खाल्लं तर खिशात १३० लागतात. काउंटरवरून स्वतः आणलं तर एवढी टिप द्यायची गरज नाही, कटरच्या ग्लासात टाकलं ते झालं. रुपयात हिशोब करून मोठ्यांचा जीव वर-खाली होतो, म्हणून बिल पोरांनीच बघावं. सूप, एक सँडविच दोघांत, लाटके आणि एक क्निश एवढ्यात तिघांचं नीट होतं.

उरलेलं टाकू नका, टू गो बॉक्स मागा, सगळेच नेतात. ब्रेड आणि मांस वेगळं ठेवून न्या, एकत्र ठेवलं तर ब्रेड ओला होतो. घरी गेल्यावर मायक्रोवेव्हमध्ये घालू नका, मांस चामड्यासारखं होतं. पोरीच्या घरात इडलीपात्र असतंच, त्यात पाणी उकळून टर्की न् पास्ट्रामी वेगवेगळी ताटलीत ठेवून पाच-सात मिनिटं वाफ द्या, राय ब्रेड तसाच गार घ्या, मस्टर्डच्या दोन पुड्या डेलीतूनच मागून आणलेल्या असल्या म्हणजे झालं. सूप नेत असाल तर गोळे आणि रस्सा वेगळे डबे मागा, नाही तर रात्रभरात गोळे सगळा रस्सा पिऊन टाकतात.